डिझेल तंत्रज्ञ प्रशिक्षण (अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे)

डिझेल तंत्रज्ञ प्रशिक्षण हे मालमोटारी, बसगाड्या, शेतीचे ट्रॅक्टर, बांधकामाची अवजड यंत्रे आणि वीजजनित्रे यांची डिझेल इंजिने व त्यांना जोडलेल्या यंत्रणा यांची देखभाल आणि दुरुस्ती शिकविणारे व्यावसायिक शिक्षण होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या शिक्षणाचा मोठा भाग कम्युनिटी कॉलेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयांत दिला जातो. त्या देशात डिझेल तंत्रज्ञ व मेकॅनिक म्हणून काम करणाऱ्यांची संख्या साधारण तीन लाख आहे. त्यांपैकी अनेक जण आजही थेट गॅरेजमध्ये काम करीतच हा व्यवसाय शिकतात. तथापि १९९० नंतर इंजिनांचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यामुळे आणि २००७ नंतर धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणा सक्तीच्या झाल्यामुळे औपचारिक शिक्षणाचे महत्त्व वाढले आहे.

या शिक्षणाचा गाभा सुटे भाग बदलण्याच्या कौशल्यात आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दोन वर्षांतील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग दोषनिदानाचा असतो. बिघाड कोठे दिसतो आणि तो मुळात कोठे आहे, यांतील अंतर ओळखणे ही त्यातील मुख्य विद्या आहे.

पार्श्वभूमी

इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे १९०१ मध्ये स्थापन झाले. आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. आरंभी अशा संस्थांचा हेतू विद्यापीठातील पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण घराजवळ उपलब्ध करून देणे हा होता. व्यावसायिक शिक्षणास केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणारा कायदा १९४४ मध्ये झाला आणि महाविद्यालयांत प्रौढ विद्यार्थ्यांचा ओघ सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षणविषयक आयोगाने १९४७ मध्ये ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. पुढे १९६३ चा व्यावसायिक शिक्षण कायदा आणि १९८४ चा, कार्ल पर्किन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा यांमुळे कार्यशाळा उभारण्यास पैसा मिळू लागला. पर्किन्स कायद्याचे नूतनीकरण वेळोवेळी होत आले असून अलीकडचे २०१८ मधील आहे. आज देशात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत. त्यांपैकी बहुसंख्य महाविद्यालयांत प्रवेश सर्वांना खुला असतो.

डिझेल इंजिन या सर्व संस्थांपेक्षा थोडेसेच जुने आहे. रूडोल्फ डिझेल (१८५८–१९१३) या जर्मन अभियंत्याने १८९२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे यशस्वी इंजिन चालवून दाखविले. या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. अमेरिकेत क्लेसी कमिन्स यांनी १९१९ मध्ये इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी इंजिनांचा कारखाना काढला. कॅटरपिलर कंपनीचा डिझेल ट्रॅक्टर १९३१ मध्ये बाजारात आला. रेल्वेतील वाफेची इंजिने मागे पडून त्यांची जागा डिझेलने घेतली. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर आंतरराज्य रस्त्यांचे जाळे पसरले, तसे लांब पल्ल्याच्या मालमोटारींतही डिझेल इंजिन रूढ झाले. शेती, खाण, बंदर वा महामार्ग यांपैकी एखादा व्यवसाय ज्या जिल्ह्यात मोठा होता, तेथील महाविद्यालयात डिझेल विभाग निघणे ओघाने आले.

संगणकाचा शिरकाव

जुन्या पिढीतील मेकॅनिकची साधने म्हणजे कान, नाक आणि बोटे. इंजिनाचा ठोका ऐकून कोणता सिलिंडर काम करीत नाही हे सांगणारे कारागीर सर्वत्र होते. धुराचा रंग हे तर उघडे पुस्तकच होते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, पांढरा व गोडसर वासाचा धूर म्हणजे रेडिएटरमधील शीतक सिलिंडरमध्ये शिरत आहे, असे ठोकताळे पाठ असत.

१९८७ मध्ये डेट्रॉईट डिझेल कंपनीने ‘सिरीज ६०’ हे इंजिन आणले. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मूळ रचनेतच असलेले ते अवजड मालमोटारींसाठीचे पहिले महत्त्वाचे इंजिन ठरले. त्यानंतर दशकभरात इतर उत्पादकही त्याच मार्गाने गेले. इंधन किती, केव्हा आणि किती वेळा फवारायचे हे आता नियंत्रक ठरवू लागला. आधुनिक इंजिनांत इंधनाचा दाब २,००० बारपेक्षाही अधिक असतो आणि एका स्फोटासाठी इंधन अनेक हप्त्यांत फवारले जाते. कानाला जाणवेल असा फरक त्यात फारसा उरलेला नाही.

दुसरा बदल हवेच्या प्रदूषणाविषयीच्या नियमांनी घडविला. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) आदेशानुसार २००६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी दशलक्षांश १५ भागांपेक्षा कमी गंधक असलेले डिझेल विकले जाऊ लागले. २००७ च्या मानकांमुळे काजळी गाळणारा डीपीएफ हा गाळक, आणि २०१० च्या मानकांमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी एससीआर यंत्रणा बहुतेक अवजड इंजिनांवर आली. या दुसऱ्या यंत्रणेत ३२.५ टक्के युरिया असलेले द्रावण गरम धुरात फवारले जाते.

या गाळकाचा एक परिणाम शिक्षकांना विशेष महत्त्वाचा वाटतो. गाळक चांगला असेल तर इंजिन आत कितीही बिघडले तरी नळीतून धूर दिसत नाही. गळका फवारक जास्त इंधन सोडीत असेल, तर त्याची काजळी गाळकात साचते आणि वाहनचालक तक्रार घेऊन येतो ती ‘गाळक वारंवार भरतो’ अशी. गाळक काढून स्वच्छ केला किंवा नवा बसविला तरी मूळ दोष तसाच राहतो आणि तो गाळकही काही दिवसांत पुन्हा भरतो. धुराचे उघडे पुस्तक मिटले असल्यामुळे त्याच्या जागी दुसरी वाचनपद्धती शिकविणे भाग पडले.

अभ्यासक्रमाची रचना

सर्वसाधारणपणे दोन प्रकारचे अभ्यासक्रम आढळतात. सुमारे एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केवळ व्यवसायविषयांचा असतो. दोन वर्षांच्या पदविकेसदृश उपपदवीत त्याबरोबर इंग्रजी लेखन, गणित आणि एखादा सामान्य विषयही असतो. लेखनाचा विषय विद्यार्थ्यांना सुरुवातीस निरर्थक वाटतो. परंतु दुरुस्तीच्या नोंदपत्रावर तक्रार, कारण आणि केलेली दुरुस्ती या तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या नाहीत, तर उत्पादक कंपनी हमीखाली झालेल्या कामाचे पैसे नाकारू शकते. त्यामुळे नीट वाक्य लिहिता येणे हे येथे थेट कमाईशी जोडलेले कौशल्य आहे.

व्यवसायविषयांत इंजिनाची उघडझाप, इंधनयंत्रणा, विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, क्लच व गिअरपेटी, ब्रेक, सुकाणू, द्रवचालित यंत्रणा, वातानुकूलन आणि नियमित तपासणी हे भाग येतात. वर्गातील व्याख्यानापेक्षा कार्यशाळेतील तास जास्त असतात. इंजिन पूर्ण उघडून मोजमापे घेणे हा जुना पाठ अजून टिकून आहे. लायनरची झीज, क्रँकच्या बेअरिंगमधील फट आणि हेडची समतलता विद्यार्थी स्वतः मोजतात, नोंदवतात आणि उत्पादकाच्या पुस्तकातील मर्यादांशी ताडून पाहतात. हेडचे बोल्ट आधी ठरावीक बलाने आणि मग ठरावीक अंशांनी फिरवून आवळायचे असतात. अंदाजाने आवळलेले हेड कालांतराने गळते, हे सांगण्यापेक्षा दाखविणे सोपे जाते.

पहिल्या सत्रात सुरक्षिततेवर भर असतो आणि तो औपचारिकतेपुरता नसतो. उच्च दाबाच्या इंधननळीची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून शोधावी, असे पहिल्याच आठवड्यात शिकविले जाते. केसाएवढ्या छिद्रातून येणारा इंधनाचा झोत कातडी भेदून आत शिरतो. बाहेरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, परंतु आत ऊती मरू लागतात आणि तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. मालमोटारीच्या मागील ब्रेककक्षातील दाबलेली स्प्रिंग हा दुसरा मोठा धोका आहे. ती जखडून न ठेवता कक्ष उघडल्यास माणूस दगावू शकतो.

ब्रेकचे शिक्षण

अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांवर मालमोटारीचे भारासह एकूण वजन ८०,००० पौंड म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत असू शकते. असे वाहन थांबविणारी हवेच्या दाबाची ब्रेकयंत्रणा सर्व शिक्षक गांभीर्याने शिकवितात. टाकीतील दाब साधारण ६० पौंड प्रति चौरस इंचाच्या आसपास आला की चालकास इशारा मिळाला पाहिजे. दाब आणखी उतरल्यास स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात. हवा नसली तर वाहन थांबते, धावत सुटत नाही, ही या रचनेची खुबी आहे.

चाकाजवळील दांडी ब्रेक दाबल्यावर किती बाहेर येते ते मोजणे हा मूलभूत पाठ असतो. प्रचलित ‘३०’ आकाराच्या सर्वसाधारण कक्षासाठी ही चाल दोन इंचांपर्यंत चालते. ती वाढली असेल तर मोह होतो तो समायोजकाचा बोल्ट फिरवून चाल पुन्हा मर्यादेत आणण्याचा. जुन्या हाताने आवळायच्या समायोजकांबाबत ते योग्यच होते. आजचे समायोजक स्वयंचलित असतात. त्यांची चाल वाढली असेल तर समायोजक स्वतः निकामी झालेला असतो किंवा बुशिंग, कॅम, ड्रम यांपैकी काही झिजलेले असते. हाताने आवळून वाहन बाहेर काढले की दोष झाकला जातो आणि काही दिवसांनी, कदाचित एखाद्या उतारावर, पुन्हा प्रकट होतो. अपघातांच्या चौकशीनंतर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही या सवयीविरुद्ध इशारा दिलेला आहे.

व्यापारी वाहनांची वर्षातून एकदा तपासणी करणे केंद्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. तपासणी करणारा आणि ब्रेकचे काम करणारा माणूस प्रशिक्षणाने किंवा अनुभवाने पात्र असला पाहिजे, अशीही अट आहे. महाविद्यालयातील प्रशिक्षण या पात्रतेसाठी उपयोगी पडते.

दोषनिदानाचे शिक्षण

अवजड वाहनांतील निरनिराळे नियंत्रक दोन तारांच्या एका सामाईक जाळ्यावर परस्परांशी बोलतात. त्यासाठीचे प्रमाण ‘जे१९३९’ या नावाने ओळखले जाते. बिघाड झाला की नियंत्रक एक संकेत नोंदवितो. त्याचे दोन भाग असतात. पहिला आकडा कोणत्या मापाविषयी तक्रार आहे ते सांगतो आणि दुसरा तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. नवशिक्या विद्यार्थी पहिला आकडा वाचून थांबतो, अशी येथील जुनी तक्रार आहे.

उदाहरणार्थ, पहिला आकडा १०० म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब. त्यापुढे दुसरा आकडा १ असेल, तर संवेदकाकडून आलेली माहिती ग्राह्य असून दाब धोकादायक पातळीपर्यंत खरोखरच उतरला आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करून तेलाची पातळी पाहायची, तेलात इंधन मिसळले आहे काय ते तपासायचे आणि साधा यांत्रिक दाबमापक लावून खात्री करायची. दुसरा आकडा ४ असेल, तर संवेदकाच्या परिपथातील विद्युत दाब असायला हवा त्याहून कमी आहे. तेथे तेलाचा दाब बहुधा ठीक असतो आणि दोष एखाद्या घासलेल्या तारेत, जोडणीत किंवा खुद्द संवेदकात असतो. पहिल्या प्रसंगी संवेदक बदलून वाहन सोडले तर इंजिन जळेल. दुसऱ्या प्रसंगी इंजिन उघडले तर मालकाचे हजारो डॉलर वाया जातील. एका आकड्याचा हा फरक आहे.

सामाईक जाळ्याची तपासणी हा असाच लोकप्रिय पाठ आहे. जाळ्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. दोन्ही समांतर जोडलेले असल्यामुळे बॅटरी तोडून तपासणीच्या जोडणीत मोजले असता ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एक रोधक किंवा त्याकडे जाणारी तार तुटलेली आहे. शून्याच्या जवळ आकडा आला तर दोन्ही तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. शाळेत शिकलेल्या समांतर रोधाच्या सूत्राचा असा उपयोग होतो हे पाहून गणिताला घाबरणारे विद्यार्थीही सावरतात, असा अनुभव शिक्षक सांगतात.

रोध मोजण्याची मर्यादाही येथेच शिकविली जाते. जाड केबलच्या आतील बहुतेक धागे तुटून एकच उरला असेल, तरी मल्टिमीटर ती केबल चांगली असल्याचे दाखवितो, कारण मापकाचा प्रवाह अत्यल्प असतो. स्टार्टर फिरताना त्याच केबलमधून काहीशे अँपिअर जायचे असतात. ६०० अँपिअरचा प्रवाह असताना एका ओहमच्या हजाराव्या भागाइतक्या रोधानेही ०.६ व्होल्टची घट होते. म्हणून प्रवाह चालू असताना केबलच्या दोन टोकांमधील दाबातील घट मोजायची. ही पद्धत न शिकलेला माणूस चांगला स्टार्टर काढून दुसरा चांगला स्टार्टर बसवितो आणि गाडी पुन्हा तशीच उभी राहते.

या शिक्षणासाठी शिक्षक वाहनांत मुद्दाम बिघाड पेरून ठेवतात. एखादी तार आतून कापणे, फ्यूजच्या पायाला रंगहीन लाखेचा थर देणे, नळीत अडसर ठेवणे असे त्याचे प्रकार असतात. विद्यार्थ्याने दोष सापडल्याचे सांगितले की कोणत्या मोजमापावरून ते ठरविले हे लिहून द्यावे लागते. भाग बदलून पाहून दोष योगायोगाने सापडला असेल, तर अनेक शिक्षक गुण देत नाहीत.

उत्सर्जनयंत्रणा आणि कायदा

डीपीएफमधील काजळी अधूनमधून उच्च तापमानाने जाळून टाकली जाते. राख मात्र जळत नाही, ती गाळक काढून साफ करावी लागते. युरियाचे द्रावण संपले, पातळ झाले किंवा त्याची यंत्रणा बंद पडली, की नियंत्रक टप्प्याटप्प्याने इंजिनाची शक्ती आणि वाहनाचा वेग कमी करतो. मालवाहतुकीच्या धंद्यात वाहन उभे राहणे म्हणजे रोजचे नुकसान असल्यामुळे चालक-मालकांचा या यंत्रणांवर राग असतो.

त्यातून या सर्व यंत्रणा काढून टाकून नियंत्रकातील कार्यक्रम बदलण्याचा बेकायदा धंदा वाढला. स्वच्छ हवा कायद्याने अशी छेडछाड करण्यास आणि त्यासाठीची उपकरणे विकण्यास मनाई केली आहे. ईपीएने २०२० नंतरच्या काही वर्षांत याविरुद्ध विशेष मोहीम चालवून अनेक विक्रेत्यांना दंड केले. नवा तंत्रज्ञ नोकरीस लागल्यावर त्याच्यापुढे असे काम येण्याची शक्यता मोठी असते आणि ‘सगळेच करतात’ हे त्याला वरिष्ठांकडूनही ऐकावे लागते. म्हणून कायद्याची माहिती अभ्यासक्रमात अंतर्भूत असते. परंतु या बाबतीत उपदेशापेक्षा निदानाचे शिक्षणच अधिक उपयोगी ठरते. वारंवार भरणाऱ्या गाळकामागचा गळका फवारक, तडा गेलेली हवेची नळी किंवा थकलेला टर्बो ज्याला शोधता येतो, त्याला गाळक कापून टाकण्याची गरज वाटत नाही. ज्याला तो शोधता येत नाही, त्याला तोच एक मार्ग दिसतो.

उत्पादक कंपन्यांशी संबंध

कार्यशाळेसाठी इंजिने, गिअरपेट्या आणि निदानाची संगणकीय साधने लागतात. ती महाग असतात आणि संगणकीय साधनांचे परवाने बहुधा दरवर्षी नवे घ्यावे लागतात. प्रत्येक उत्पादकाचे साधन वेगळे असते. त्यामुळे देणगीत मिळालेल्या इंजिनांवर महाविद्यालये बरीच अवलंबून राहतात आणि अशी इंजिने कधी कधी एक पिढी जुनी असतात. स्थानिक उद्योगांच्या प्रतिनिधींची सल्लागार समिती हा सर्वत्र आढळणारा उपाय आहे. ही समिती अभ्यासक्रम तपासते आणि जुने साहित्य बदलण्यासाठी महाविद्यालयावर दबावही आणते.

काही उत्पादकांनी याहून पुढे जाऊन महाविद्यालयांबरोबर स्वतःच्या नावाचे अभ्यासक्रम सुरू केले. कॅटरपिलरचा ‘थिंकबिग’ आणि जॉन डिअरचा ‘टेक’ हे त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. कॅटरपिलरचे दीर्घकाळ मुख्यालय असलेल्या पिओरिया शहराजवळील इलिनॉय सेंट्रल कॉलेजमध्ये थिंकबिग शिकविला जातो, तर वॉशिंग्टन राज्यातील वाला वाला कम्युनिटी कॉलेज हे जॉन डिअरच्या अभ्यासक्रमासाठी ओळखले जाते. विद्यार्थ्याला एखाद्या विक्रेत्याचे पुरस्कर्तेपण मिळते. तो काही आठवडे महाविद्यालयात शिकतो आणि काही आठवडे त्या विक्रेत्याच्या कार्यशाळेत पगारावर काम करतो. उपपदवी मिळेपर्यंत नोकरी जवळपास ठरलेली असते.

या पद्धतीचा लाभ उघड आहे. नवी यंत्रे, अद्ययावत माहिती आणि अनुभव तिन्ही एकत्र मिळतात. तिची दुसरी बाजू अशी की, सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेत एका कंपनीची पद्धतच दुरुस्तीची एकमेव पद्धत म्हणून शिकविली जाण्याचा धोका असतो. पिवळ्या यंत्रावर तयार झालेल्या मुलाला हिरव्या ट्रॅक्टरचे तत्त्व कळायला हवे. सर्वसाधारण अभ्यासक्रम हे काम अधिक चांगले करतात, मात्र त्यांच्याकडे साहित्य जुने असते.

हा प्रश्न ‘दुरुस्तीचा अधिकार’ या चळवळीशीही निगडित आहे. निदानाची साधने केवळ अधिकृत विक्रेत्यांकडेच असतील, तर स्वतंत्र गॅरेज आणि शेतकरी असाहाय्य होतात. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी असा अधिकार देणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याच वर्षी, २०२३ च्या जानेवारीत, जॉन डिअर आणि अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन यांच्यात सामंजस्य करार झाला होता. तरीही जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने दुरुस्तीवरील निर्बंधांच्या कारणाने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. ग्रामीण भागातील महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक तंत्रज्ञ स्वतंत्र गॅरेजमध्ये किंवा शेतावरच काम करतात, त्यामुळे या वादाचा निकाल त्यांच्या रोजच्या कामाशी संबंधित आहे.

खर्च, विद्यार्थी आणि शिक्षक

कम्युनिटी कॉलेजचे शुल्क खासगी तंत्रसंस्थांपेक्षा सहसा बरेच कमी असते. गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळते, माजी सैनिकांना स्वतंत्र लाभ आहेत, तर टेनेसीसारख्या राज्याने २०१५ पासून नव्याने शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे शुल्क भागविण्याची योजना राबविली आहे.

शुल्कापेक्षा अवजारांचा खर्च अनेकांना जड जातो. अमेरिकेत मेकॅनिकने स्वतःची अवजारे आणावीत, असा रिवाज आहे. सॉकेटचे संच, टॉर्कचा पान्हा, मल्टिमीटर आणि ते सर्व ठेवण्याची चाकांची पेटी मिळून सुरुवातीलाच काही हजार डॉलर लागतात. अवजारांच्या कंपन्या विद्यार्थ्यांना सवलत देतात, पण पुढे आठवड्याच्या हप्त्यांवर अवजारे विकणारी त्यांची गाडी कार्यशाळेच्या दारात येत राहते. पहिल्या पगारातच कर्जात सापडलेले तरुण तंत्रज्ञ ही नवलाची गोष्ट नाही. काही महाविद्यालये पहिल्या वर्षी अवजारे वापरायला देतात आणि काय विकत घ्यावे, काय घेऊ नये, हेही शिकवितात.

विद्यार्थ्यांत शाळेतून नुकतेच आलेले, शाळेत असतानाच महाविद्यालयाचे तास करणारे, सैन्यातून परतलेले आणि व्यवसाय बदलणारे असे सर्व असतात. स्त्रियांचे प्रमाण अद्याप अत्यल्प आहे. शिक्षक मिळणे ही कायमची अडचण आहे. चांगला निदानकर्ता कार्यशाळेत शिक्षकापेक्षा जास्त कमावतो, म्हणून गुडघे किंवा पाठ थकल्यावर अध्यापनाकडे वळणाऱ्यांवर विभाग चालतात. त्यांच्याकडे अनुभव भरपूर असतो, पण नवीन यंत्रणांचे शिक्षण त्यांना स्वतःलाही सतत घ्यावे लागते.

प्रमाणन

बहुतेक राज्यांत अवजड वाहनांच्या मेकॅनिकला सरकारी परवाना लागत नाही. मिशिगन हे त्यास ठळक अपवाद आहे. परवान्याची जागा १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एएसई’ या स्वतंत्र संस्थेच्या परीक्षांनी भरून काढली आहे. मालमोटारींच्या परीक्षा ‘टी’ या अक्षराने ओळखल्या जातात. डिझेल इंजिन, गिअर व चालनयंत्रणा, ब्रेक, सुकाणू, विद्युत यंत्रणा, वातानुकूलन आणि तपासणी अशा विषयांसाठी त्या स्वतंत्र असतात. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यांपैकी एक वर्ष औपचारिक शिक्षणाने भरून काढता येते. प्रमाणपत्र पाच वर्षे टिकते, नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेशपातळीची परीक्षा आहे. महाविद्यालयाच्या विभागालाही संबंधित संस्थेकडून अधिस्वीकृती घेता येते. वातानुकूलनातील वायू हाताळण्यासाठी मात्र केंद्रीय कायद्यानुसार स्वतंत्र प्रमाणपत्र आवश्यक असते.

महाराष्ट्राशी संबंध

कोलंबस येथील कमिन्स कंपनीने किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीत १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन केली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी त्याआधी, १९४६ मध्ये सुरू झाली होती. त्यामुळे डिझेल इंजिन महाराष्ट्रातील शेतविहिरीपासून कारखान्यापर्यंत पोहोचले. त्याची दुरुस्ती प्रामुख्याने मिस्त्रीच्या हाताखाली राहून शिकली गेली. ‘इंजिनाने एअर धरली’ हा शब्दप्रयोग त्याच परंपरेतला.

औपचारिक शिक्षणासाठी भारतात १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे ‘मेकॅनिक डिझेल’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा व्यवसाय शिकविला जातो आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पुढे कारखान्यात उमेदवारी करता येते. कम्युनिटी कॉलेज या नावाची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात राबविली, पण तिचे स्वरूप अमेरिकेतील संस्थांहून बरेच लहान आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाल्यावर गाळक, युरियाचे द्रावण आणि संकेत वाचण्याची साधने येथील मालमोटारींवरही आली. महामार्गावरील पंपांवर युरियाच्या द्रावणाचे डबे दिसू लागले. गाळक वारंवार भरल्याची तक्रार घेऊन येणारा चालक आता पुणे किंवा कोल्हापूरच्या गॅरेजमध्येही भेटतो.